साडेबाराचा विसावा

३ मार्च, सोमवार

ही वही पंपघरातली आहे. निवृत्त झालो तेव्हा कपाटात तीन कोऱ्या नोंदवह्या पडून होत्या. साहेब म्हणाले, घेऊन जा, आता सगळं संगणकावर आहे. वेळ, दाब, मोटरचं तापमान, सही असे रकाने छापलेले आहेत. मी रकान्यांच्या डोक्यावरून लिहितो आहे. छत्तीस वर्षं रकान्यांत लिहिलं, आता पुरे.

लिहायचं कारण म्हणजे घरात एका यंत्राचा प्रश्न निघाला आहे आणि तो माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. सूनबाईची नवी नोकरी घरूनच असते. ऐकू न येणारी माणसं दवाखान्यात जातात, तेव्हा डॉक्टर काय बोलतो ते ती पडद्यावरून त्यांना हातांनी सांगते, आणि ती माणसं हातांनी बोलतात ते डॉक्टरला तोंडाने सांगते. तिच्या आईवडिलांना, दोघांनाही, ऐकू येत नाही. तिचे हात म्हणे तोंडाच्या आधी बोलायला लागले होते. पाच वर्षं नको त्या कचेरीत नको ते काम करून आता कुठे तिला हवं ते काम मिळालं आहे. पण तीन महिने परीक्षेचे. मार्च संपला की पक्की. तोवर तिच्या बाजूने पाच कॉल तुटले, तर नारळ. तीन तुटून झाले आहेत.

सगळ्यांचं मत पडलं की इंटरनेटचा डबा म्हातारा झाला. कंपनी बदलून द्यायला तयार आहे, पण विचारते की मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असलेलं यंत्र हवं, की दोन वेगळी? चिरंजीव कामानिमित्त बाहेरगावी असतात, महिन्यातून दोनदा उगवतात. ते फोनवर म्हणाले, "बाबांना विचारा." आणि सूनबाई म्हणाली, "बाबा, यंत्रातलं तुम्हालाच कळतं." असं कुणी म्हटलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतोच. मीही चढलो.

मग तिनेच समजावून दिलं. मोडेम बाहेरच्या तारेतून इंटरनेट घरात आणतो आणि राउटर ते खोल्याखोल्यांत वाटतो. हात्तिच्या! म्हणजे एक पंपवाला आणि दुसरा व्हॉल्व्हवाला. एवढ्यासाठी इंग्रजी नावं कशाला हवीत?

५ मार्च, बुधवार

दुकानात जाऊन आलो. विक्रेता म्हणाला, "काका, एकच डबा घ्या. एक वायर, एक प्लग, पसारा नाही. बिघडला तर एकाच ठिकाणी फोन."

म्हटलं, "बिघडला तर आणणारा आणि वाटणारा दोघंही एकदम गेले ना?"

"मग नवीन घ्यायचा!" असं म्हणून तो हसला. याच्या हाती पाणीपुरवठा दिला असता तर लोक तहानेने मेले असते.

आमच्याकडे एकदा असं झालं होतं. वरून हुकूम आला की पंपवाल्यानेच व्हॉल्व्हही फिरवायचे, एका माणसाचा पगार वाचेल. मी सायकलवरून सगळीकडे व्हॉल्व्ह फिरवत होतो, आणि मागे पंपावर कुणी नाही. चढावरच्या घरांना तीन दिवस पाणी नाही. चौथ्या दिवशी हुकूम गुपचूप मागे घेतला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की दोन कामांना दोन माणसं.

तरी दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा हेकट आहे. दोन यंत्रं म्हणजे दोन प्लग, दुप्पट वायरी, आणि काही बिघडलं की मोडेमवाला राउटरवाल्याकडे बोट दाखवणार, राउटरवाला मोडेमवाल्याकडे. पण मोडेम तार येते तिथेच राहील आणि राउटर माणसं बसतात तिथे नेता येईल. एक गेला तर एकच बदलायचा. आमच्या हिला, म्हणजे बायकोला, विचारलं, तर म्हणाली, "एकच घ्या. पुसायला सोपा."

बारा तीसला डब्याला नेहमीचा विसावा दिला. हे मी जानेवारीपासून करतो आहे. हॉलमधल्या फळीवरच्या डब्याला हाताची पालथी बाजू लावून बघितली, तर चांगला तापलेला. (तळवा लावायचा नसतो. तळव्याला कळत नाही.) कुठलंही यंत्र सलग चालवलं की त्याचं आयुष्य घटतं. म्हणून रोज साडेबाराला, सूनबाईच्या जेवणाच्या सुट्टीत, दहा मिनिटं प्लग बंद करतो. पंप दहा मिनिटं थांबला म्हणून नळ काही कोरडा पडत नाही, पाइपात पाणी असतंच. घरात हे कुणाला ठाऊक नाही. काम करावं, गाजावाजा करू नये.

ही म्हणाली, "आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडला होतात. आता निदान फळीकडे बघत बसता." मी विश्रांती घेत होतो, पडलो नव्हतो. फरक आहे.

६ मार्च, गुरुवार

चौथा तुटला.

मी बारा एकतीसला विसावा दिला होता, एक मिनिट उशीर झाला. बारा बेचाळीसला चालू केला. त्यानंतर सूनबाई खोलीतून बाहेर आली. चेहरा पांढराफटक. जेवणाच्या सुट्टीत कॉल लांबला होता. पलीकडे एक बाई होती आणि डॉक्टर तिला रिपोर्ट सांगत होता. निम्म्यात पडदा गोठला. ती बाई दवाखान्यात बसून राहिली, समोर डॉक्टरचं तोंड हलतंय आणि सांगणारं कुणी नाही. सूनबाई म्हणाली, "माझी नोकरी जाईल त्याचं सोडा हो. पण तिला अर्धंच कळलं, बाबा. अर्धंच." आणि जेवली नाही.

मला त्या डब्याचा असा संताप आला की उचलून खिडकीबाहेर फेकावा. एवढा सांभाळतो, रोज विसावा देतो, तरी बेइमान! एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय? उद्यापासून पंधरा मिनिटं देतो. जास्तच थकलेला दिसतो.

११ मार्च, मंगळवार

आज सूनबाईचं काम पाहिलं. तिच्या खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काच आहे. मी पंखा पुसायला स्टुलावर चढलो होतो, त्यामुळे दिसलं. रोगी माणसाची गोष्ट, बाहेरच्याने ऐकायची नसते. ऐकली, हे कबूल करतो.

मागे कोरी भिंत, अंगात गडद रंगाचा शर्ट, म्हणजे हात स्वच्छ दिसावेत. डॉक्टर घाईघाईने गोळ्यांबद्दल बोलत होता आणि पडद्यावरचे गृहस्थ मान हलवत होते, हो हो हो. सूनबाईने एकदम हात खाली ठेवले आणि म्हणाली, "डॉक्टर, यांना समजलेलं नाही. हे नुसती मान हलवताहेत. पुन्हा सांगा, एकेक गोळी." डॉक्टर वैतागला. सूनबाई ढिम्म. "मी थांबते," म्हणाली. शेवटी त्याने पुन्हा सांगितलं. मग त्या गृहस्थांनी हात हलवले आणि सूनबाई म्हणाली, "ते विचारताहेत, म्हणजे आजवर मी तिन्ही गोळ्या एकदम घेत होतो ते चुकीचं होतं का?"

पंखा पुसायचा राहिला. आमच्या पंपघरात एक जुना फोरमन होता, तो नुसता आवाज ऐकून सांगायचा की आतली चकती झिजली आहे. त्यानंतर इतका तयार माणूस मी आज पाहिला. आणि तो माझ्याच घरात, रोज माझ्यासमोर ताक पितो!

कॉल संपल्यावर तिने मनगटं कोमट पाण्याखाली धरली. रोज धरते. मला वाटायचं हात धुते.

सूनबाईची नोकरी जाता कामा नये. डब्याचा निकाल लवकर लावला पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार

कंपनीचा तंत्रज्ञ आला. पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला कमी. डब्याला फोन जोडून बराच वेळ काहीतरी वाचत बसला. मग म्हणाला, "लाइनमध्ये दोष नाही. हा डबा रोज..." आणि तेवढ्यात पडद्यावर बोट ठेवून थांबला. सूनबाई शेजारीच होती. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "जरा बाहेर येता? वायर कुठून येते ते दाखवते."

जिन्यात दहा मिनिटं उभे होते. वायर दाखवायला दहा मिनिटं! माणूस बुद्धीने मंद असावा. मी आपला हॉलमध्ये खुर्ची ओढून डब्याजवळ बसून होतो. परत आल्यावर सूनबाई दारातच उभी राहिली, माझ्याकडे बघत. काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मग म्हणाली, "बाबा, तुमचंच खरं. वेगळी यंत्रं घेऊ."

मी म्हटलंच होतं!

तिने मांडणीही ठरवून टाकली. तार तिच्या खोलीपर्यंत ओढायची. मोडेम आणि एक राउटर तिच्या टेबलाखाली. हॉलसाठी आणखी एक राउटर, फळीवर. "आणि तो तुमच्या ताब्यात," म्हणाली. "त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं."

म्हणजे एक चालू, एक राखीव. पंपघरासारखंच! ही पोरगी माझ्या हाताखाली असती तर चार वर्षांत फोरमन झाली असती. चष्मेवाला जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही पंपावर होता म्हणे." हो म्हटलं. त्याने मान डोलावली आणि गेला. मंदच.

१७ मार्च, सोमवार

यंत्रं उद्या बसणार. तोवर जुन्यावरच भागवायचं.

परवापासून एक चांगली गोष्ट झाली आहे. सूनबाई बारा पंचवीसला खोलीतून बाहेर येते म्हणजे येते. माझ्याजवळ बसते. आज मी डब्याला पालथा हात लावला तर म्हणाली, "तापलाय का?" म्हटलं, बराच. पुढे म्हणाली, "मग द्या विसावा." आणि मी प्लग चालू करेपर्यंत बसून राहिली. तिला ठाऊक झालेलं दिसतं, पण हरकत नाही, यंत्राची कळकळ आहे तिला.

सकाळी तिच्या वरिष्ठ बाईंचा फोन होता. दार उघडं होतं म्हणून कानावर पडलं. "नाही मॅडम, बारा ते एकमधला कॉल मला नको... हो, तीच गर्दीची वेळ असते, माहीत आहे... हो, आकडे कमी दिसतील. दिसू देत."

मी तिला शाबासकी दिली. म्हटलं, जेवण वेळेवर झालंच पाहिजे, कचेरी गेली खड्ड्यात. ती हसली.

१८ मार्च, मंगळवार

आज लिहिणार नव्हतो. पण नोंद करायची नाही हे मला छत्तीस वर्षांत जमलं नाही.

सूनबाईने अर्धी सुट्टी टाकून तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. चष्मेवाल्याने यंत्रं बसवली. सुबक काम, एक वायर लोंबत नाही. शेवटी म्हणाला, "हा हॉलमधला तुमचा. हवा तेव्हा बंद करा. आतल्या दोन्हींना मात्र हात लावायचा नाही."

"का बरं?"

तो गडबडला. "ताई बोलल्या नाहीत का?" मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फोन माझ्यापुढे धरला. यादी होती. डब्याची वीज कधी गेली, कधी आली. रोज साडेबारा. रोज! मी ही वही आणली. सहा मार्च, त्याच्या यादीत बारा एकतीस ते बारा बेचाळीस. माझ्या वहीत बारा एकतीस ते बारा बेचाळीस. दोन पंपघरांच्या नोंदीही कधी इतक्या जुळल्या नव्हत्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर सूनबाईने तुटलेल्या कॉलच्या लाल फुल्या मारल्या आहेत, खाली वेळ. सतरा जानेवारी, बारा तीस. पाच फेब्रुवारी, बारा बत्तीस. सत्तावीस फेब्रुवारी, बारा तीस. आणि सहा मार्च. दोन महिने ते कॅलेंडर माझ्या डोळ्यांपुढे टांगलेलं आहे.

मी म्हटलं, "पण पाइपात थोडं असतंच ना? दहा मिनिटांनी काय होतं?"

तो सावकाश म्हणाला, "काका, पाणी साठतं. हे साठत नाही. पंप थांबला की त्याच क्षणी नळ कोरडा."

मंद तो नव्हता.

डब्याला शिव्या घातल्या, दुकानदाराला हसलो, कंपनीच्या नावाने बोटं मोडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या दवाखान्यातल्या बाईसमोरचं बोलणं मी बंद केलं. मी. प्लगवरचं बोट माझं होतं. आणि सूनबाईला हे चौदा तारखेपासून माहीत आहे. ती माझ्याशेजारी बसून विचारते, तापलाय का! लाजेने मेल्यासारखं झालं आहे. ही विचारते आहे, जेवायचं नाही का? पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

सूनबाई अंघोळीला गेल्यावर तिच्या टेबलावरच्या कार्डावरून वरिष्ठ बाईंना फोन लावला. म्हटलं, मी तिचा सासरा. चारही कॉल माझ्या हातून तुटले, तिचा काही संबंध नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिने आम्हाला कळवलं होतं, घरात यंत्र बंद होत होतं, आता दोष दूर करते आहे. मी म्हटलं, तंत्रज्ञाचा रिपोर्ट दे आणि ज्यांच्या हातून बंद झालं त्यांची सही आण, चारही शेरे काढून टाकते. ती म्हणाली, सही मिळणार नाही."

"अहो, तिने मागितलीच नाही!"

"तेही म्हणाली. मागणार नाही, म्हणाली. शेरे राहू द्या. आता एकही तुटू न देता महिना काढते."

मी फोन ठेवला. पंपघरात पहिल्या दिवशी शिकवतात की जो पंप बंद करतो तो वेळ लिहितो आणि सही करतो, मग चूक असो की नसो. दोन महिने माझी सही ही पोर करत होती.

या वहीचं एक पान फाडलं आणि लिहून काढलं. तारखा, वेळा, कारण, आणि खाली रकान्यात सही. चष्मेवाल्याला फोन केला, त्याने रिपोर्ट पाठवला. हिने पानाचा फोटो काढला आणि दोन्ही वरिष्ठ बाईंना पाठवून दिलं. वाचलं तिने. एक शब्द बोलली नाही. हे आमच्या लग्नाच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेअकराला सूनबाई खोलीतून बाहेर आली, हातात फोन. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

चारही शेरे काढले. एक एप्रिलपासून पक्की. पत्र आलं आहे.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण आधी तोंडातून ओरडणंच निघालं. "मला का नाही सांगितलंस? एका वाक्याचं काम होतं! बाबा, प्लगला हात लावू नका. संपलं! मी काय तुला खाल्लं असतं?"

ती समोर बसली. "चौदा तारखेला सांगणारच होते. खूप चिडले होते मी. जिन्यात त्या तंत्रज्ञांसमोर रडले. ठरवून आत आले की आज बोलायचंच. आणि तुम्ही डब्याजवळ बसला होतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आणि दाढी केलेली."

"दाढीचं काय मधेच?"

"बाबा, मागच्या मेपासून तुम्ही दाढी करत नव्हता. आठ महिने. अंघोळीलाही आईंना चार वेळा म्हणावं लागायचं. मी आणि हे रोज फोनवर तेच बोलायचो, बाबांचं काय करायचं. आणि जानेवारीत तुम्ही एक दिवस आपले आपण उठलात. मग रोजच. कशामुळे ते आम्हाला कळत नव्हतं. त्या दिवशी यादीत पाहिलं, पहिली नोंद तेरा जानेवारी, बारा तीस. आईंना विचारलं, दाढी कधीपासून करायला लागले? तेरा जानेवारी. मग मी कुठल्या तोंडाने सांगू, प्लगला हात लावू नका म्हणून?"

ही दारात उभी होती. म्हणाली, "ड्यूटी लागली म्हणून माणूस उठला, हे मला तेव्हाच कळलं होतं. कसली ड्यूटी ते नव्हतं कळलं."

मी आठवायचा प्रयत्न केला. ते आठ महिने मला नीट आठवत नाहीत. भिंतीचा रंग आठवतो.

"आणि एवढ्यासाठी तू नोकरी पणाला लावलीस?" मी विचारलं.

"पणाला कुठे लावली?" सूनबाई म्हणाली. "दोन राउटर घेतले ना."

मला रडू आलं. लपवत नाही, वही माझी आहे. छत्तीस वर्षांत पाळीला असा साथीदार मिळाला नाही, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, जसं आलं तसं, अडखळत. ती म्हणाली, "बाबा, बाराचा कॉल आहे," आणि डोळे पुसत आत गेली. हिने माझ्या मांडीवर नॅपकिन टाकला.